लिंबाखालचे देव

३ ऑगस्ट २०१५, सोमवार

चंदीच्या नववीच्या वहीत मागं बरीच कोरी पानं राहिलीत. फेकायच्या वस्तूचं काहीतरी करणं हा सध्या आमचा धंदाच आहे, म्हणून ह्या पानांत रोज लिहायचं ठरवलं. रोज म्हणजे जमेल तेव्हा. चंदी दात काढून म्हणाली, "आई, तू लिवनार तरी काय?" म्हटलं, तुझीच गाऱ्हाणी लिहिते, कार्टे.

गेल्या साली आम्ही कारखान्यावर ऊस तोडत होतो आणि इकडं चौसाळ्यात रस्ता रुंद करायला आमच्या घराचा पुढला सोपा तोडला. आमचाच नाही, रस्त्याकडची सगळी ओळ. आलो तर घराला दार नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विटांच्या ढिगावर बसलेल्या. त्या ढिगाचं काय करायचं ह्यातून आमची संस्था निघाली. अंबाजोगाईच्या एका ताईंनी शिकवलं. पडक्या घरांचे दगड-विटा मशीनमध्ये बारीक करायच्या, त्यात फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा मिसळायच्या, सिमेंटात दाबून फरशी पाडायची. चौकटींचे बाक करायचे, दारांची टेबलं. ‘उभारी महिला औद्योगिक सहकारी संस्था’. सुभद्राबाई अध्यक्ष, मी सचिव. नाव लांब, शेड आखूड.

आज अर्जुनराव स्वतः शेडवर आले. मोठी असामी, बसायला आमचाच बाक दिला. हायवेला त्यांचं मंगल कार्यालय उभं राहतंय, त्या आख्ख्या हॉलची फरशी आमच्याकडून घेणार. म्हणाले, "तुळशीच्या लग्नाआधी द्या म्हंजे झालं. गावातल्या बायांची वस्तू, गावात ऱ्हाऊ द्या."

तेव्हा मी इथं लिहून ठेवते. यंदा मी कोयता धरणार नाही. चंदी दहावीला आहे. दर साली दिवाळीच्या तोंडावर तिला वर्गातून उठवायची आणि फडावर भाकरी थापायला न्यायची. मागं ठेवावं तर आत्याबाईंना धड दिसत नाही, आणि वयात आलेली पोर रस्त्याकडच्या बिनदाराच्या घरात ठेवायची कशी? यंदा मी इथंच. फरशी झाली की सगळं झालं.

९ ऑगस्ट

आमच्या संस्थेतली भामाबाई घरोघर फिरून पोतंभर फुटक्या कपबश्या आणि बांगड्या घेऊन आली. ओतणार तेवढ्यात सुभद्राबाई ओरडल्या, "थांब! कुनाकुनाच्या हायेत, इचारलंस का?" कासाराकडं भरताना हातात वाढलेल्या, म्हणजे फुटलेल्या, बांगड्या वेगळ्या आणि नवरा गेल्यावर दगडावर फोडलेल्या वेगळ्या. लग्नाच्या हॉलात तसल्या काचा नकोत. मी म्हटलं, काच ती काच, सिमेंटाला काय कळतंय? तर सुभद्राबाई, ज्यांचा स्वतःचा नवरा जाऊन जमाना झाला, त्या म्हणाल्या, "माज्या असत्या तरी म्या न्हाई घालू दिल्या असत्या."

मग भामाबाई शिव्या घालत सगळं पोतं उचलून परत घरोघर गेली आणि एकेकीला विचारून आली. एवढं सोवळं तर आमच्या गावात देवळातही पाळत नाहीत.

१४ ऑगस्ट

पाऊस नाही. आभाळ येतं, बघून जातं. मेल्याला लाज नाही.

फरशीला पाणी लागतं. पाडली की हौदात बुडवून ठेवावी लागते, नाहीतर हातात घेतली की पीठ. आणि गावात प्यायला टँकर. सुभद्राबाईंनी तोड काढली. प्रत्येकीनं घमेल्यात बसून अंघोळ करायची, ते पाणी बादलीत धरायचं आणि शेडवर येताना हौदात ओतायचं. भांड्याकुंड्यांचंही तेच. आमच्या हौदाला सकाळी साबणाचा आणि दुपारी कालवणाचा वास येतो. हे म्हणाले, "माझ्यापेक्षा तुमच्या फरश्या जास्त अंघुळ करायल्यात." खरंच आहे ते.

यांना संस्थेचं कौतुक नाही. कावून नाही, ते देव जाणे. शेडवर एकदाही पाय ठेवलेला नाही.

२० ऑगस्ट

ढिगातून देव निघायलेत.

आमच्याकडं प्रत्येक घराच्या भिंतीत देवळी असते, तिच्यात शेंदूर लावलेला दगड. कुणाचा वीर, कुणाची मेसाई. ज्यांना नोटीस कळली त्यांनी काढून नेले. जे कारखान्यावर होते त्यांचे देव भिंतीबरोबर पडले आणि जेसीबीखाली भंगले. भंगलेला देव घरात ठेवायचा नाही, वाहत्या पाण्यात सोडायचा. पण वाहतं पाणी आणायचं कुठून? नदीत धुराळा उडतोय. विहिरीच्या बुडाला भेगा पडल्यात. तेव्हा ठरलं की पाणी येईपर्यंत हे सगळे देव शेडमागच्या लिंबाखाली ठेवायचे आणि त्यातला एकही दगड मशीनकडं जाऊ द्यायचा नाही.

आमच्या घरचा वीर पण तिथंच आहे. अर्धा तुटलाय. दोन चांदीचे डोळे होते, त्यातला एक राहिलाय. आत्याबाई रोज चाचपडत येतात, पळीभर पाणी सगळ्यांवर शिंपडतात आणि आमच्याच जुन्या चौकटीच्या बाकावर बसून राहतात. म्हणतात, "थोडं दम काढा बाबांनो. आमाला तरी कुठं पानी हाय?"

१ सप्टेंबर

हॉलच्या निम्म्याच्या वर फरशी पाडून झाली. घासून चकचकीत मात्र शेवटी करायची, घासायच्या मशीनला पाणी फार लागतं. सध्या थप्प्या नुसत्या राखाडी दिसतात. आतले रंग आत. भामाबाई म्हणते, बाळंतीण होईस्तोवर पोरगं कसं ते कळत नाही, तसं हे.

यांच्याशी आज वाजलं. म्हणाले, "तू न्हाई आलीस तर मला कोन घेतंय? नवरा-बायकू मिळून एक कोयता. एकल्याला अर्धा कोयता म्हनून हसतेत लोकं." म्हटलं, हसू द्या. गावात राहा, शेडवर हमाली करा. तर म्हणाले, "बायांच्या हाताखाली?" आणि उठून गेले. बाई, पुरुषाच्या जातीचं नाक म्हणजे काय नाक आहे!

१४ सप्टेंबर

पोळा झाला. बैल किती राहिलेत गावात? चाऱ्याच्या छावणीतून चार-दोन आणले, शिंगांना रंग लावला आणि परत नेले. मातीच्या बैलांपुढं पुरणाचा घास ठेवला.

हे हॉटेलात म्हाळू मुकादमाबरोबर बसलेले दिसले. म्हाळू दर साली आमची टोळी नेतो. विचारलं तर म्हणाले, "असंच, गप्पा हानायलतो." सणावाराला कशाला तोंड वाजवायचं.

२५ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा.

मी सकाळीच अंबाजोगाईला गेलते, ताईंना नमुना दाखवायला. ताईंनी ठोकून बघितली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, कंपनीच्या तोंडात मारेल अशी झाली आहे. येताना मी एसटीत एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

आणि घरी आले तर दुसरं नवल. माझ्यामागं यांनी शेडवर जाऊन काम केलं! झालं असं की दुपारी टँकर आला. टँकरचा आवाज झाला की कुणी कुणाच्या बापासाठी थांबत नाही, सगळ्या बाया हंडे घेऊन पळाल्या. मशीनवर कुणीच नाही. तेवढ्यात हे गेले आणि बाया येईपर्यंत एकट्यानं मशीन चालवली. सुभद्राबाई सांगत होत्या, "शहादेवानं ढीगभर चुरा काढून ठिवला बाई, आनि मागची जागा पार झाडून पुसून साफ."

मागची जागा म्हणजे लिंबाखालची. मी दचकलेच. तर हे म्हणाले, गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं, जाणारा एक टेम्पो पाण्याला थांबला होता. राक्षसभुवनला चालला होता, तिथं डोहात पाणी आहे. यांनी त्याला हात जोडून सगळे देव टेम्पोत घातले, गंगेत सोड म्हणून सांगितलं.

मला भरून आलं. इतके दिवस हा माणूस मुक्यासारखा राहिला आणि शेवटी त्यानंच आमच्या सगळ्यांच्या देवांची सोय लावली. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागं सरकले. म्हणाले, "पाया कशाला पडायलीस बे?" मला बे म्हणाले! मित्राला म्हणावं तसं. मी हसत सुटले.

२६ सप्टेंबर

आत्याबाईंनी आज रिकाम्या लिंबाला हळदीकुंकू वाहिलं. "गंगंला गेला माजा वीर. लेकानं पांग फेडलं," म्हणत सारख्या रडतात. आज चतकोर भाकरी जास्त खाल्ली त्यांनी. यांनी मात्र ताट सरकवलं. पोट बिघडलंय म्हणाले.

त्यांनी काढलेला चुरा फार छान बारीक झालाय. राहिलेली सगळी फरशी त्यातच पाडायला घेतली.

५ ऑक्टोबर

पाडायचं काम संपलं. मी नाचले असते, पण सचिव आहे.

यांचं पोट अजून बरं नाही. देवापुढं दिवा लावायचं काम त्यांचं, ते पण चंदीवर टाकलंय. म्हटलं, दवाखान्यात जाऊ. नको म्हणाले. काम केल्यानं एवढं होत असेल तर न केलेलंच बरं होतं, असं मी चिडवलं. हसले नाहीत.

१४ ऑक्टोबर

घट बसले. आज घासणी सुरू केली. घासायला सुरुवात जुन्या थप्पीपासून. काय रूप आलं! हिरव्या बांगड्या, कपबशीचा निळा काठ, विटांचा तांबडा. चंदी म्हणाली, "आई, ह्या फरशीवर बसून अभ्यास करू वाटायला." मी तिला एक तुटकी फरशी दिली, घरी नेऊन पुस्तक ठेवायला.

टँकरवाला दोन खेपा जास्त देतो म्हणाला. सगळं जुळून आलंय. दृष्ट लागायला नको.

१७ ऑक्टोबर

कसं लिहू?

आज नव्या थप्पीला हात घातला. मशीन सुभद्राबाईंच्या हातात होती. वरचा राखाडी थर निघाला आणि खालून ठिपके आले. आधी वाटलं वीट. पण हे विटेसारखे नव्हते, नारिंगी होते. पाण्याबरोबर थोडा रंग सुटला. सुभद्राबाईंनी मशीन बंद केली. भामाबाईनं नखानं खरवडलं, वास घेतला. तेलाचा वास.

मग आत्याबाईंना बोलावलं. त्यांना दिसत नाही, त्यांनी बोटं फिरवली. फरशीच्या मधोमध बोट थांबलं. तिथं चांदीचा डोळा होता.

आत्याबाई म्हणाल्या, "हा तर हितंच हाय."

मग मात्र सगळ्या बायांनी एकदम पाय उचलले. आम्ही रोज ह्याच थप्प्यांवर अनवाणी चढत होतो. भामाबाई तोंडात मारून घ्यायला लागली. त्या टेम्पोवाल्याचं वाटोळं होवो, मुडदा बशिवला त्याचा! पुढं जाऊन कंटाळला असेल आणि परत येऊन ढिगातच ओतून गेला असेल मेला. मी घरी येऊन यांना म्हटलं, त्याचा नंबर द्या, मी त्याला सोडत नाही. म्हणाले, "कुठला नंबर? मी थोडाच घेतला." बरोबर आहे, परक्या माणसाचा नंबर कोण घेतं?

१८ ऑक्टोबर

आम्ही ठरवलं होतं की गावात बोलायचं नाही, आधी उपाय काढायचा. नव्या चुऱ्याच्या फरश्या बाजूला काढून जुन्याच द्यायच्या, कमी पडतील त्या परत पाडायच्या. पण सकाळी हॉटेलात म्हाळू मुकादमच सगळ्यांना सांगत होता, "बायांनी देव दळलेत, देव." आम्ही तर घराबाहेर शब्द काढला नव्हता. याला कुणी सांगितलं? भिंतीला कान असतात म्हणतात, आणि आमच्या घराला तर भिंतही धड नाही.

दुपारपर्यंत शेडपुढं गर्दी. प्रत्येकाला आपला देव पाहिजे. मी सांगून थकले की जुन्या थप्पीत देव नाहीत, ती तांबडी वीट आहे, आई शपथ वीट आहे. राधाकिशन गुरवानं फरशी हातात घेतली आणि विचारलं, "ह्यो ठिपका वीट आनि त्यो शेंदूर, हे तू छातीवर हात ठिवून सांगतीस का?" मी छातीवर हात ठेवला. कुणी ऐकलं नाही.

बांगड्या घरोघर विचारून घेतल्या होत्या आम्ही! हे कुणाला सांगू?

२२ ऑक्टोबर, दसरा

अर्जुनराव आले. आज बाकावर बसले नाहीत. आवाज मात्र गोड.

"मला सोताला काय न्हाई हो मंजुळाबाई. मी आसलं मानत न्हाई. पन लग्नाचा हॉल हाय. वऱ्हाडी चपला घालून फिरनार, जेवनाचं खरकटं सांडनार. उद्या कुन्या नवरीला काय झालं तर लोकं माज्या दारात येतील. मी कंपनीची फरशी मागवली."

सुभद्राबाई म्हणाल्या, "साहेब, मग आमी काय करावं?"

"बघू. पाठीशी हाय मी," असं म्हणून आपट्याचं पान देऊन गेले. माझ्या हातात सोनं आणि समोर ती थप्पी. मी शेडमागं जाऊन पोटभर रडले.

फेकावी तर देव फेकला, बसवावी तर देव पायाखाली. कुणी फुकटसुद्धा नेत नाही. शेवटी बायांनी एकेक फरशी डोक्यावर घेऊन लिंबाखाली नेऊन ठेवली. आख्ख्या हॉलची फरशी आता तिथं आहे. पाण्याची वाट बघत.

२७ ऑक्टोबर

भामाबाईनं मुकादमाला होकार दिला. तिच्यामागून बाकीच्या एकेक. मला तोंड दाखवत नाहीत. मी कुणाला अडवू? कशाच्या जोरावर?

मी यांना म्हटलं, आता आपल्याला तरी कोण घेणार, टोळ्या भरल्या असतील. तर म्हणाले, आपलं नाव आहे. पोळ्यालाच म्हाळूला शब्द दिला होता, आगाऊ पैशाची उचलही घेतली होती. दोघांची.

मी पीठ मळायला घेतलं. मग वाटलं, बरंच झालं म्हणायचं. एवढं होऊन ते नसतं तर आज खाल्लं काय असतं? माणूस पुढचं बघतो कधीकधी.

३० ऑक्टोबर

चंदीच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, निदान परीक्षेला तरी आणा. म्हटलं, आणते. दोघींना माहीत होतं. बाई बसल्या तो शेडवरून आणलेला बाक माझ्याच चौकटीचा, शेडवरचं टेबल माझ्याच दाराचं आणि पोरीला घरात ठेवायला एक दार नव्हतं.

बाई गेल्यावर चंदी म्हणाली, "आई, माझ्यावर रुसलीस का?" मी तिच्यावर कशाला रुसू? तरी तिलाच वाटलं की तिचंच काहीतरी चुकलं. मला जीव नकोसा झाला.

२ नोव्हेंबर

उद्या ट्रॅक्टर येणार. पत्रे, भांडी, शेळी, कोंबडी, सगळं बांधलं. शेडला कुलूप लावून किल्ली सुभद्राबाईंकडं दिली. त्यांना कुणी नेत नाही, त्यांचा हात सुजतो. म्हणाल्या, "मी हौदावर ध्यान ठिवते." हौद कोरडा आहे.

आत्याबाई संध्याकाळी लिंबाकडून आल्या. पदराखाली जड काहीतरी. ती डोळ्याची फरशी. कुंकू लावलेली, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली.

"हिला संगं न्या."

"आत्याबाई, तुमच्याजवळ काय राहिलं मग?"

"मला काय करायचं? मी आज हाय, उद्या न्हाई. गाव म्हनतंय देव दळला. मी म्हनते, दळला तरी त्यो आपल्या घरचा हाय. पोरीकडं बघंल."

यांना म्हणाल्या, "शहादेवा, तू धर रं." यांनी हात पुढं केला नाही. चंदीनं घेतली.

११ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

कारखान्याच्या माळावर राहायची कोपी ठोकून झाली. आजूबाजूला सगळा आपलाच जिल्हा. नांदूरघाटची टोळी शेजारी आहे. फड पहिल्याच दिवशी वाळलेला लागला, पाती हात कापतात. चंदी भाकरी थापते आणि मधूनच मला गणिताचं काहीतरी विचारते, जसं काही मला येतं.

दिवाळी म्हणून कोपीत तीन विटा मांडल्या, त्यावर ती फरशी उभी केली आणि पणती लावली. माझ्या हातची फरशी. हॉलात बसायची होती, लोकांनी तिच्यावर नाचायचं होतं. आता कारखान्याच्या माळावर देव होऊन उभी आहे. चांदीचा डोळा पणतीनं चमकला. चंदीनं नमस्कार केला. मी केला. काय मागायचं ते आठवेना, म्हणून नुसते हात जोडले.

हे बाहेरच उभे होते. म्हटलं, या की आत, सणाचा दिवस आहे. आत वाकले, फरशीकडं बघितलं आणि परत मागं झाले.

"ते तोंड तिकडं कर त्याचं," म्हणाले.

"कावून?"

"माझ्याकडंच बघायलंय."

मला काहीतरी विचारायचं होतं, तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून राहिलं. दिवसभर मोळ्या वाहून माणूस दमतो, काहीबाही बोलतो. मी फरशी फिरवली. मग डोळा माझ्याकडं झाला.

सकाळी लवकर फडात जायचंय.